समुद्र आटला तरी दर्यावर्दी राहिलेले उर्क

नेदरलँड्सच्या मध्यभागी आयसेलमेर नावाचे मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्याच्या पूर्व काठावर, फ्लेवोलांड प्रांतात, उर्क हे मासेमारांचे गाव वसले आहे. गावाच्या पश्चिमेला क्षितिजापर्यंत पाणी आणि पूर्वेला क्षितिजापर्यंत सपाट शेती. ही शेती समुद्रसपाटीपेक्षा काही मीटर खाली आहे. ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी तिथे मासे पोहत होते. त्या काळी उर्क बेट होते. आज ते मुख्य भूमीला जोडलेले आहे, पण गावकरी बाहेरगावी निघाले की अजूनही बेट सोडून चालल्यासारखेच बोलतात. इथून खुला समुद्र बराच दूर आहे आणि मध्ये एक प्रचंड धरणभिंत उभी आहे. तरीही नेदरलँड्सच्या मासेमारीचे नाव काढले की सर्वात आधी आठवते ते उर्कच.

उर्कची कहाणी त्याच्या मातीपासून सुरू होते. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात स्कँडिनेव्हियातून सरकत आलेल्या बर्फाच्या थरांनी इथे दगडगोटे मिसळलेली घट्ट चिकणमाती आणून टाकली. बर्फ वितळला, पण तिचा उंचवटा उरला. नेदरलँड्सच्या या भागात बाकी सगळी जमीन मऊ, दलदलीची, पाण्याने सहज खरवडली जाणारी. या एकाच टेकाडाची माती लाटांना दाद देत नव्हती, म्हणून माणसे तिथे टिकली. गावाजवळच्या पाण्यात आजही एक मोठा शिलाखंड दिसतो. त्याचे नाव ओमेलेबोमेलेस्टीन. उर्कची बाळे या दगडातून येतात, बापाने होडी वल्हवत तिथे जायचे आणि बाळ घेऊन यायचे, अशी गोष्ट तिथल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी मुलांना सांगितली आहे. ज्या बेटावर सगळे काही पाण्यातूनच यायचे, तिथल्या मुलांना ही गोष्ट खरी वाटत असणार.

गावाचा पहिला लेखी उल्लेख 966 सालचा आहे. पवित्र रोमन सम्राट ओटो पहिला याने उर्कमधील आपली मालमत्ता कलोन शहरातील संत पांटालेऑनच्या मठाला दान दिली, त्या दानपत्रात हे नाव येते. त्या वेळी उर्कभोवती गोड्या पाण्याचे एक सरोवर होते. पुढे बाराव्या-तेराव्या शतकांतील मोठ्या वादळांनी उत्तरेकडची जमीन फोडली, समुद्राचे खारे पाणी आत शिरले आणि सरोवराचे उथळ आखात झाले. यालाच झाउडरझे, म्हणजे दक्षिणेचा समुद्र, असे नाव पडले. प्रत्येक वादळात बेटाचा एखादा लचका तुटायचा. उर्क लहान होत गेले आणि शेवटी उरले ते टेकाड व त्याच्या पायथ्याचा थोडा गवताळ पट्टा.

एवढ्याशा जागेवर शेतीने पोट भरणे शक्य नव्हते. थोडी गुरे, थोडे गवत आणि बाकी मासे, असा संसार होता. बेटाची मालकी मात्र दूरच्या लोकांकडे राहिली. आधी सरदार घराणी होती; मग 1660 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराने उर्क आणि शेजारच्या स्खोकलांड बेटाचा उत्तर भाग विकत घेतला. अ‍ॅमस्टरडॅमचा व्यापार तेव्हा जगभर पसरलेला होता आणि त्याची जहाजे याच उथळ आखातातून ये-जा करत. रात्री दिशा दाखवायला बेटांवर जाळ पेटता राहावा आणि लाटांनी बेटे वाहून जाऊ नयेत, यात शहराचा सरळ स्वार्थ होता. उर्कवरचा जाळ सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून पेटत होता. आज टेकाडावर दिसते ते दीपगृह 1840 च्या दशकातले. त्याच्या जवळ, पाण्याच्या अगदी कडेला, 1786 मध्ये बांधलेले छोटे चर्च आहे. समुद्राकाठचे चर्च हेच त्याचे नाव.

जुन्या गावाची रचना पाहिली की जागेची टंचाई किती होती ते कळते. घरे एकमेकांना चिकटलेली, मधून जेमतेम दोन माणसे जातील एवढ्या बोळी. त्यांना उर्कच्या बोलीत गिंकी म्हणतात. रस्त्यांना नावेच नव्हती. गावाचे क्रमांक दिलेले वाडे होते, आणि पत्ता म्हणजे वाड्याचा क्रमांक व घराचा क्रमांक. ही पद्धत जुन्या भागात अजून चालू आहे. आडनावे मोजकीच आणि मुलाला आजोबांचे नाव ठेवायची चाल, त्यामुळे एकाच नावाची अनेक माणसे गावात असायची. त्यावर उपाय म्हणून घराण्यांना टोपणनावे पडली आणि ती पिढ्या ओलांडून चालत आली. हिवाळ्यात आखात गोठले की बेट जगापासून तुटायचे. कांपेन आणि एंकहाउझेन या किनाऱ्यावरच्या गावांकडे जाणारी बोट बंद पडायची. मग टपाल आणि सामान आणण्यासाठी काही धट्टेकट्टे पुरुष एक होडी बर्फावरून ओढत न्यायचे; बर्फ फुटला तर होडीत बसायचे, पुढे पुन्हा उतरून ओढायचे. तरुण मुली घरकामासाठी अ‍ॅमस्टरडॅमसारख्या शहरांत जात आणि लग्नासाठी बहुधा परत बेटावर येत.

बाहेरच्यांना अशा बंदिस्त गावाचे कुतूहल वाटले नसते तरच नवल. उट्रेख्त विद्यापीठाचे प्राध्यापक पीटर हार्टिंग यांनी 1853 मध्ये उर्कची माती, वनस्पती आणि माणसे यांवर पुस्तक लिहिले. पण या कुतूहलाला एक कुरूप बाजूही होती. एकोणिसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांना वाटत होते की बेटांवर जुने, मिसळ न झालेले वंश शिल्लक असतील, आणि ते कवट्या मोजून सिद्ध करता येईल. उर्कच्या कब्रस्तानातून काही कवट्या नेल्या गेल्या आणि त्या विद्यापीठाच्या संग्रहात जाऊन पडल्या. गावकऱ्यांना हे कळल्यावर त्यांनी त्या परत मागितल्या. 2010 मध्ये त्या परत आल्या आणि समुद्राकाठच्या चर्चजवळ पुन्हा पुरल्या गेल्या. शतकाहून अधिक काळ पूर्वजांच्या अस्थी काचेच्या कपाटात असणे हा अपमान होता, आणि उर्कने तो अपमान आहे हे ठणकावून सांगितले, हे चांगलेच झाले.

शेजारच्या स्खोकलांड बेटाचे नशीब इतके बळकट नव्हते. त्याच्याखाली उर्कसारखे कठीण टेकाड नव्हते, सगळी दलदलीची पीट माती. ते दरवर्षी झिजत गेले, लोक कंगाल झाले, आणि 1859 मध्ये सरकारने साडेसहाशेच्या आसपास रहिवाशांना बेट सोडायला लावले. उर्कच्या लोकांनी हे डोळ्यांसमोर पाहिले होते. सरकार एखादे बेट राहण्याजोगे नाही असे ठरवू शकते, ही आठवण पुढच्या काळातही गावाच्या मनात राहिली.

झाउडरझे बंद करून त्याची शेती करावी ही कल्पना जुनी होती. तिला अभियांत्रिकीचा पाया दिला तो कॉर्नेलिस लेली यांनी. त्यांनी 1891 मध्ये आराखडा मांडला आणि पुढे ते मंत्रीही झाले. पैशाअभावी काम रखडले. मग 1916 च्या जानेवारीत मोठे वादळ आले, आखाताभोवतीचे बांध फुटले आणि एकट्या मार्केन बेटावर 16 माणसे दगावली. त्यातच पहिल्या महायुद्धाने तटस्थ नेदरलँड्समध्येही धान्याची टंचाई आणली. पुरापासून संरक्षण आणि जास्त शेतजमीन, ही दोन्ही कारणे एकत्र आली आणि 1918 मध्ये झाउडरझे कायदा मंजूर झाला.

कायद्याचा अर्थ किनाऱ्यावरच्या हजारो मासेमारांना लगेच समजला. आखातात त्या काळी हेरिंग आणि मांदेलीच्या कुळातला अँचोवी विपुल मिळायचा. हे मासे अंडी घालायला खाऱ्या समुद्रातून उथळ आखातात येत. वाट बंद झाली की मासे बंद. 1925 मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला, पण ज्या माणसाला मासे मारण्याशिवाय दुसरे काही येत नाही, त्याला थोडी रक्कम देऊन त्याचा प्रश्न सुटत नाही. सरकारी हिशेब असा होता की ही पिढी म्हातारी होईल, पुढची पिढी कारखान्यांत आणि शेतात जाईल, आणि मासेमारी आपोआप संपेल.

आफस्लाउटडाइक या 32 किलोमीटर लांबीच्या बांधातली शेवटची फट 28 मे 1932 रोजी बुजवली गेली. तो बांध ज्या मातीने बांधला ती झाउडरझेच्या तळातून उपसलेली हिमयुगाची चिकणमाती होती. म्हणजे ज्या प्रकारच्या मातीने उर्कला शेकडो वर्षे समुद्रापासून वाचवले, त्याच मातीने उर्कचा समुद्र बंद केला. काही वर्षांत आतले पाणी गोडे झाले आणि आखाताला आयसेलमेर हे नवे नाव मिळाले. हेरिंग आणि अँचोवी नाहीसे झाले. वाम मासा मात्र गोड्या पाण्यात चांगला पोसला, आणि काही काळ उर्कच्या छोट्या होड्यांना त्याने तारले.

दुसरा धक्का लवकरच आला. आयसेलमेरचा ईशान्य भाग बांधाने वेढून कोरडा करायचे ठरले होते आणि त्या बांधाची एक कड उर्कवर टेकणार होती. 3 ऑक्टोबर 1939 रोजी मुख्य भूमीवरील लेमर गावापासून निघालेला बांध उर्कला येऊन मिळाला. त्या दिवशी अनेक शतकांनी उर्कला जमिनीवरून चालत जाणे शक्य झाले. गावात तेव्हा चार हजारांच्या आसपास लोक राहत होते. पुढच्या वर्षी वेढा पूर्ण झाला, पंप सुरू झाले आणि 1942 च्या सप्टेंबरमध्ये सुमारे 48 हजार हेक्टरची नोर्डओस्टपोल्डर ही नवी जमीन कोरडी झाल्याचे जाहीर झाले. पाणी उपसणाऱ्या तीन पंपघरांपैकी एक उर्कलाच आहे. त्याने आजही उपसणे थांबवले तर शेते पुन्हा सरोवर होतील.

महाराष्ट्रात कोयना, उजनी, जायकवाडी यांच्या पाण्याने गावे बुडाली आणि माणसांना उठून दुसरीकडे जावे लागले. उर्कमध्ये कोणालाही घर सोडावे लागले नाही. माणसे जागच्या जागी राहिली आणि त्यांच्या भोवतीचे पाणी उठून गेले. पण आपल्या जगण्याचा आधार दुसऱ्यांच्या योजनेत कागदावर पुसला जाताना पाहण्याचे दुःख दोन्हीकडे सारखेच आहे.

दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना ही कच्ची, चिखलाची नवी जमीन लपण्याची जागा बनली. या पोल्डरमध्ये, म्हणजे बांध घालून कोरड्या केलेल्या जमिनीत, कामगारांची गरज असल्यामुळे तिथे काम करणाऱ्यांना जर्मनीतल्या सक्तीच्या मजुरीतून सूट मिळायची, म्हणून देशभरातून तरुण इथे येऊन दडले. 1944 च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनांनी मोठा छापा घालून शेकडो जणांना पकडून नेले. युद्ध संपल्यावर सरकारने पोल्डरची आखणी अतिशय शिस्तीत केली. मध्यभागी एमेलोर्ड हे मुख्य गाव आणि त्याच्याभोवती वर्तुळात दहा छोटी गावे, सगळी एकमेकांपासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर. शेते कोणाला द्यायची तेही कडक निवडीने ठरले. अनुभव, भांडवल, घराची टापटीप, सगळे तपासले जाई. या निवडीत उर्कच्या मासेमारांना फारसे स्थान मिळाले नाही, आणि खरे तर त्यांना नांगर हातात घ्यायची हौसही नव्हती. प्रशासकीय कागदावर मात्र गाव इकडून तिकडे फिरत राहिले. नोर्ड-हॉलंड प्रांतातून ते 1950 मध्ये ओव्हरआयसेलमध्ये गेले आणि 1986 मध्ये नव्याने स्थापन झालेल्या फ्लेवोलांडमध्ये. नगरपालिका मात्र स्वतःचीच राहिली. शेजारची सगळी गावे एकाच मोठ्या नगरपालिकेत सामावली गेली, पण उर्क तीत गेले नाही.

सरकारचा हिशेब नेमका इथे चुकला. उर्कचे मोठे मासेमार एकोणिसाव्या शतकापासूनच उत्तर समुद्रावर जात होते. आखात बंद झाल्यावर त्यांनी छोट्या होड्या सोडल्या, मोठ्या मोटारबोटी घेतल्या आणि दूरच्या बंदरांना आपला दुसरा मुक्काम केला. या बोटींना कोटर म्हणतात. नोंदणी क्रमांकात यूके ही अक्षरे असलेला कोटर दिसला की तो उर्कचा. पण यांतले बहुतेक कोटर उर्कच्या बंदरात क्वचितच येतात. ते हार्लिंगेन, डेन हेल्डर, आयमाउडेन अशा समुद्राकाठच्या बंदरांत उभे असतात. रविवारची मध्यरात्र उलटली की उर्कहून लहान गाड्या भरून माणसे निघतात, पहाटेपर्यंत बोट समुद्रात जाते, आणि शुक्रवारी मासे उतरवून सगळे घरी परततात. मासे ट्रकने उर्कच्या लिलावगृहात येतात. समुद्रापासून इतक्या दूर असूनही हे लिलावगृह देशातल्या सर्वात मोठ्यांपैकी एक आहे.

पकडले जातात ते मुख्यतः आपल्याकडच्या लेपटीसारखे तळाशी राहणारे चपटे मासे, सोल आणि प्लेस. त्यांतला बराचसा माल सोलून, कापून, गोठवून इटलीसारख्या देशांत जातो. गावात मासे कापणारे, साठवणारे, पाठवणारे कारखाने उभे राहिले. आता तिथे नॉर्वेचा सॅमनही येतो आणि पूर्व युरोपातून आलेले कामगारही काम करतात. जहाजबांधणी, जाळी विणणे, इंजिनदुरुस्ती यांचेही धंदे आहेत. बोटी अजूनही बहुधा घराण्यांच्या मालकीच्या असतात. भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे एकत्र जातात. खलाशाला ठरावीक पगार नसतो. विक्रीतून डिझेल आणि इतर खर्च वजा करून उरलेल्या रकमेत प्रत्येकाचा वाटा असतो. मासे चांगले मिळाले तर सगळ्यांचे घर भरते, नाही मिळाले तर कोणाचेच नाही. मासेमारी इथे टिकण्याचे सर्वात मोठे कारण या वाट्याच्या पद्धतीत आणि नात्यांच्या बांधणीत आहे. बाहेरच्या मालकाकडे नोकरी असती तर पहिल्याच मंदीत माणसे पांगली असती.

या धंद्याची किंमत दीपगृहाजवळच्या स्मारकावर वाचता येते. 1968 मध्ये राणी युलियाना यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. वाऱ्यात उभी राहून समुद्राकडे पाहणारी एक स्त्री आणि तिच्याभोवती 1861 पासून समुद्रात गेलेल्या उर्कच्या मासेमारांच्या नावांचे फलक. नावे तीनशेहून अधिक आहेत आणि एकाच घराण्याची नावे पुन्हा पुन्हा येतात. काही फलकांवर बाप आणि मुलगे एकाच दिवशी गेल्याचे दिसते. ही यादी संपलेली नाही. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये टेसेल बेटाजवळ यूके-165 ही बोट उलटली आणि तिच्यावरचे दोघे दगावले.

अशा गावात धर्म घट्ट असणे स्वाभाविक आहे. नेदरलँड्सच्या बहुतेक भागांत चर्चे रिकामी पडली, पुस्तकांची दुकाने किंवा घरे झाली. उर्कमध्ये नवी चर्चे बांधली जातात. गाव धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट आहे. 1834 मध्ये देशातल्या अधिकृत चर्चमधून कडव्या श्रद्धेचे लोक बाहेर पडले, तेव्हा उर्कमधल्या पुष्कळांनी त्यांची साथ केली. पुढे त्यांच्यातही फाटे फुटत गेले, म्हणून एवढ्या गावात वीसच्या आसपास चर्चे आहेत. रविवारी दुकाने बंद, बोटी बंद. लोक दोनदा उपासनेला जातात. मार्चमध्ये पिकासाठी आणि कामासाठी प्रार्थनेचा दिवस असतो, नोव्हेंबरमध्ये आभाराचा. गाण्याची परंपरा मोठी आहे. पुरुषांचे, स्त्रियांचे, मुलांचे अनेक गायकवृंद आहेत आणि उर्कच्या पुरुषवृंदांचे स्तोत्रगायन देशभर ऐकले जाते. जुना पोशाख, म्हणजे पुरुषांच्या रुंद काळ्या विजारी आणि स्त्रियांची पांढरी टोपी व छातीवरचे रंगीत कापड, आता रोजच्या वापरातून गेला आहे. सणाला आणि गायनाच्या कार्यक्रमांना तो दिसतो. बोली मात्र टिकली. शाळेत डच शिकणारी मुले घरी आणि बंदरावर उर्कचीच बोली बोलतात. देशातल्या इतर बऱ्याच बोली आजी-आजोबांपुरत्या उरल्या असताना ही विशेष गोष्ट आहे.

कुटुंबे मोठी आहेत. देशातला सर्वाधिक जननदर अनेक वर्षे उर्कमध्ये नोंदला गेला, आणि गावाची लोकसंख्या 2020 च्या सुमारास 21 हजारांवर गेली. मुले गाव सोडून जायला तयार नसतात, त्यामुळे घरांची टंचाई कायमची झाली आहे आणि एकेकाळी ज्या जमिनीवर मासे पोहत होते तिथे नव्या वसाहती उभ्या राहतात. ही घट्ट वीण कधीकधी बाहेरच्या जगाशी आदळते. 2021 च्या जानेवारीत करोनाची रात्रीची संचारबंदी लागली त्या रात्री उर्कच्या बंदरावरचे चाचणी केंद्र जाळण्यात आले आणि गावाचे नाव जगभरच्या बातम्यांत आले. नगरपालिकेने आणि चर्चमंडळींनी त्याचा निषेध केला. लसीकरणाचे प्रमाणही इथे देशात सर्वात कमी असलेल्या ठिकाणांपैकी होते. सरकारवरचा हा अविश्वास एका साथीत जन्मलेला नाही. दूरच्या राजधानीत आपल्या पाण्याचे निर्णय होतात, हा अनुभव इथे तीन पिढ्यांचा आहे. तो आग लावण्याचे समर्थन करत नाही, पण रागाचे मूळ दाखवतो.

या अनुभवात अलीकडे भर पडली आहे. साखळ्या आणि जड तुळई तळावरून ओढण्याऐवजी विजेच्या सौम्य धक्क्यांनी मासे वर उठवण्याची पद्धत उर्कच्या मासेमारांनी मोठी गुंतवणूक करून स्वीकारली होती. तिने डिझेलचा खर्च खूप कमी झाला होता. पण फ्रान्समधील छोट्या मासेमारांचा आणि पर्यावरण संघटनांचा विरोध होता. युरोपीय संघाने 2019 मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि 2021 च्या उन्हाळ्यापासून ती पूर्ण बंद झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने मासे पकडण्याचे कोटे घटले. 2022 मध्ये डिझेल इतके महाग झाले की अनेक बोटी आठवडेच्या आठवडे बंदरात उभ्या राहिल्या. सरकारने बोटी मोडीत काढणाऱ्यांना मोबदला देऊ केला आणि बऱ्याच घराण्यांनी तो घेतला. उत्तर समुद्राचे मोठमोठे पट्टे पवनचक्क्यांसाठी राखले गेले. खुद्द गावाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला बांधांलगत 86 प्रचंड पवनचक्क्या उभ्या राहिल्या. बेटाचे जुने दृश्य बिघडेल म्हणून उर्कने त्यांना न्यायालयापर्यंत विरोध केला होता, पण 2012 मध्ये तो फेटाळला गेला.

धंद्याचे रूप त्यानुसार बदलते आहे. काही मालकांनी मोठे कोटर विकून कमी डिझेल लागणाऱ्या बोटी घेतल्या. काही जुने कोटर आता समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या बांधकामाभोवती पहारा देतात, म्हणजे ज्या पाण्यात त्यांनी जाळी टाकली तिथेच ते इतर जहाजांना दूर ठेवतात. आयसेलमेरवर वामाची मासेमारी करणारी थोडी कुटुंबे उरली आहेत. वामाची संख्या युरोपभर घटल्याने त्यांच्यावरही बंधने आहेत. शाळा सोडणाऱ्या मुलांपैकी पूर्वीइतकी मुले बोटीवर जात नाहीत. बरीच जण मासळीच्या कारखान्यांत, जहाजांच्या कार्यशाळांत, बांधकामात किंवा ट्रकवर काम धरतात. तरी रविवारची मध्यरात्र उलटली की गाड्या अजून निघतात, आणि सोमवारी सकाळी हार्लिंगेनच्या धक्क्यावरून उर्कचे कोटर उत्तरेकडे जातात.